वाळवणीच्या खोलीतला डोळा

सोमवार, ३ मार्च

सातवीला तडा गेला.

कडेपासून खाली, वीतभर. सकाळी प्लास्टिक बाजूला केलं आणि दिसला. केसासारखा बारीक, पण केस आणि तडा यातला फरक मला अंधारातही कळतो. बोटाने चाचपला. मग तिथेच जमिनीवर बसले. रडले नाही.

दोन, चार, पाच आणि आता सात. बारापैकी चार गेल्या! कमरेएवढ्या उंच बारा कुंड्या, नव्या ग्रंथालयाच्या अंगणासाठी. मेअखेर द्यायच्या आहेत. अठरा वर्षं हात मातीत आहेत, पण तळावर माझी खूण कोरलेलं हे पहिलंच मोठं काम. आजवरचं सगळं सासूबाईंच्या कार्यशाळेचं म्हणून गेलं. हे बिघडलं तर ग्रंथालयवाले म्हणणार, सुनेला जमत नाही.

ओली कुंडी प्लास्टिकखाली सावकाश सुकावी लागते. तळ आणि कड, दोन्ही एका चालीने. कोणी प्लास्टिक उचललं आणि झरोक्याकडची बाजू उघडी ठेवली की कड आधी सुकते, आवळते आणि फाटते. दुसऱ्या दिवशी बघणारा म्हणतो, मातीच खराब! अशी खोडी सुचायला माती कळावी लागते. या घरात ती तिघींना कळते. सासूबाईंचे गुडघे गेल्यापासून त्या वरच्या मजल्यावरून उतरत नाहीत. दुसरी मी.

तिसरी आज चाकावर बसून कप ओढत होती. मागे वळूनसुद्धा न बघता म्हणाली, "गेली का अजून एक? मी म्हटलं होतं ना वहिनी, एवढ्या मोठ्या एकदम झेपायच्या नाहीत."

आवाजात काय काळजी! ही काळजी मी चार वर्षांपूर्वीही ऐकली आहे.

वाळवणीच्या खोलीच्या किल्ल्या दोनच आहेत. एक माझ्याकडे, एक नणंदबाईंकडे. आता बघतेच.


मंगळवार, ४ मार्च

विकतचा कॅमेरा भिंतीवर लावला तर ती दुसऱ्या मिनिटाला बघेल. म्हणून सुट्या भागांच्या दुकानात गेले. पत्त्यांच्या डबीएवढा संगणक मिळतो, एकाच पाटीचा, त्याला नखाएवढा कॅमेरा जोडता येतो. हे सगळं दोन आठवडे गुपचूप वाचत होते.

दुकानदाराचा चष्मा दोऱ्याने बांधलेला. मी यादी पुढे केली तसं त्याने चष्मा वर करून आधी मला बघितलं, मग यादी.

"मुलाच्या शाळेचा प्रकल्प का, ताई?"

"माझाच आहे."

"वा! काय बघायचंय?"

"भांडी सुकताना बघायची आहेत."

तो हसला नाही, यासाठी त्याला गुण. बोर्ड, कॅमेरा, मेमरी कार्ड, वीज पुरवायचा ठोकळा, सगळं काढून ठेवलं. मग त्याचं एक एक सुरू झालं. हा गरम होतो, पंखा घ्या. धूळ बसेल, डबी घ्या. "आणि याला स्वतःचं घड्याळ नसतं बरं का. हा बटण-बॅटरीचा तुकडा घ्या, घड्याळ म्हणून."

"मला घड्याळ नको, डोळा हवाय," मी म्हटलं. डबी तेवढी घेतली.

परतताना स्वतःवरच खूश होते. चांगलं वाक्य बोलले. तिच्याही तोंडावर अशीच बोलणार आहे.


बुधवार, ५ मार्च

कार्डावर प्रणाली भरली, वीज दिली. काही नाही. लाल दिवा तेवढा माझ्याकडे डोळे वटारून बघतोय.


शुक्रवार, ७ मार्च

दिसलं!!

दोन दिवस "कॅमेरा सापडला नाही" हेच एक तुणतुणं. तारा तपासल्या, कार्ड पुन्हा भरलं, लोकांचे प्रश्न वाचले, त्यांना मिळालेली उद्धट उत्तरं वाचली. शेवटी काय, तर कॅमेऱ्याची पट्टी उलटी खोचली होती! चकचकीत बाजू नको त्या अंगाला. अठरा वर्षं मातीचं आतबाहेर कळणाऱ्या बाईला पट्टीचं कळेना.

पहिलं चित्र आलं तेही उलटं. माझ्याच खोलीतला पलंग छताला चिकटलेला, मी वटवाघळासारखी लटकलेली. एका ओळीने सरळ केलं. हात हलवला. फोनमधल्या बाईने दोन सेकंदांनी हलवला. जरा विचित्र वाटलं, म्हणून कॅमेरा भिंतीकडे वळवला.

घरच्या वायफायला जोडायची सोय नाही. ते नणंदेच्या नवऱ्याने बसवलंय, आणि त्याला रोज संध्याकाळी कोणकोणतं यंत्र जोडलंय त्याची यादी बघायची हौस आहे. म्हणून कपाटातला जुना राउटर काढला. बाहेरच्या जगाशी त्याचा काही संबंध नाही. बोर्ड त्याच्याशी बोलतो, तो माझ्या फोनशी बोलतो, बस. आम्ही तिघं. तारीख आणि वेळ मी हाताने घातली.

शिवाय अशी तजवीज केली: वीज गेली आणि परत आली तर आपोआप सुरू व्हायचं. आणि समोर कोणी हललं की तेवढाच तुकडा कार्डावर साठवायचा, नावाला तारीख-वेळ. मी बघत नसले तरी तो बघत असेल. हे सगळं मी केलं, कोणालाही न विचारता. सांगणार कोणाला?


रविवार, ९ मार्च

आज तिची सुट्टी. बसवला. सगळ्यात वरच्या फळीवर, झिलईच्या रिकाम्या डब्यांच्या मागे, एका डब्याला भोक पाडून. तिथून पूर्ण खोली दिसते, जरा वरून, दाराकडून आत. येणाऱ्याची पाठ दिसेल, चेहरा नाही. पण दोघींपैकी कोण, हे वेळेवरून कळेलच. आम्ही दोघी एका वेळी आत क्वचितच असतो.

दुपारी वर बसून तासभर नुसतं बघितलं. खोलीला खिडकी नाही, झरोक्यातून वारा तेवढा येतो, उजेड नाही; दिवा घालवला की काळं. मी मुद्दाम दिवा चालू ठेवला होता. आठ कुंड्या प्लास्टिकखाली, डोक्यावरून चादर घेऊन उभ्या राहिलेल्या पोरींसारख्या. त्यांच्याकडे बघता बघता डोळे भरून आले. माझ्या पोरींनो, आता कोणी हात लावू दे तुम्हाला!

सासूबाईंनी विचारलं, "काय बघतेस गं इतकं? सिनेमा का?"

"हो, आई. अजून सुरू व्हायचाय."

आता लिहूनच टाकते. चार वर्षं हे पान टाळलं.

नणंदेने त्या वर्षी सहा कप केले होते, निळ्या कडेचे. कोणाची तरी ऑर्डर म्हणाली. मी ते एक एक करून गवतात गुंडाळले, खोक्यात भरले, वर "जपून" असं लिहिलं. माझ्या अक्षरात. चार महिन्यांनी माझा नवरा दुसऱ्या बाईसाठी मला सोडून गेला, आणि पुढे कधीतरी सह्या घ्यायला त्याच्या नव्या घरी जावं लागलं, तेव्हा त्या बाईने मला चहा दिला. निळ्या कडेच्या कपात.

नणंदेला वर्षभर माहीत होतं. वर्षभर माझ्या शेजारच्या चाकावर बसली, माझ्या भाकड विनोदांना हसली, आणि मूग गिळून गप्प. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "कसं सांगणार होते, वहिनी? माझा भाऊ आहे." एवढंच. चार वर्षांत एवढंच!

तरी मी इथे राहिले. सासूबाई म्हणाल्या, मुलगा गेला तर गेला, सून जाऊ देणार नाही. आणि माती. कुठे जाणार होते माती सोडून? पण मी विसरले नाही. तिला तिच्या आईसमोर मान खाली घालून उभं राहिलेलं मला बघायचंय. एकदा. तेवढं दिसलं की मी चांगली बाई व्हायला मोकळी.


मंगळवार, ११ मार्च

ती आली! अकरा वाजता! मी वर भाजी चिरत होते, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवलेला. सुरी तशीच राहिली हातात.

आत आली. फळीवरून लाकडी पट्टी उचलली. शिंकली. गेली.

मी सुरी खाली ठेवली. काही केलं नाही म्हणून हायसं वाटायला हवं होतं. उलट राग आला. कर ना काहीतरी!


बुधवार, १२ मार्च

कार्डावर दोन दिवसांचे नऊ तुकडे. तिचे चार, माझे पाच. माझे वेळ बघूनच, न उघडता पुसून टाकले. स्वतःला काय बघायचं! तिचे चारही तीन-तीनदा बघितले. निर्दोष. हुशार आहे, थांबलीय.

दाढ ठणकतेय. उद्या डॉक्टर.


गुरुवार, १३ मार्च

दाढ काढली. उजवीकडची, खालची. दंतवैद्य म्हणाला, "मुळं फार खोल होती हो तुमची." मलाच ओरडल्यासारखं.

सगळा दिवस वाया. पाऊण वाजता वीज गेली. तीनला निघाले तेव्हाही नव्हतीच. नणंद भट्टीचं दार लिंपत होती, म्हणाली, "मी आहे इथे, तू जा निवांत." निवांत! चार वाजता मी खुर्चीत, तोंडाचा आ, डोक्यावर तो दिवा, आणि मनात एकच, की खाली आता ती एकटी आहे. परत आले तेव्हा सात वाजून गेले होते. ती रोजच्यासारखी सहाला गेलेली. जाताना आईंना वर सांगून गेली म्हणे, की वीज चारला जरा कमी असताना आली.

रोजच्या सवयीने खाली जरा डोकावले. घरात येऊन पोरांच्या अंगावरचं पांघरूण बघावं तसं. आईंनी वरून नेहमीची हाक दिली, "खाली कोण आहे गं?" तोंडात कापूस, अर्धा चेहरा बधिर, ओ कुठून देणार! वर आले आणि आडवी झाले. फोन बघायचंही त्राण नाही.


शुक्रवार, १४ मार्च

सापडली.

सकाळी नऊला खाली गेले, नववीच्या कडेला तडा. झरोक्याच्या बाजूचं प्लास्टिक हातभर उघडं. डोकं शांत. वरच्या फळीवरून डबी काढली, प्लग ओढला, कार्ड काढलं, लॅपटॉपला लावलं.

गुरुवारचा तुकडा एकच. चार वाजून दहा मिनिटं.

एकच, पण काय तुकडा! साडेसहा मिनिटं. एप्रन, डोक्याला फडकं, तोंडावर धुळीचा मास्क, आम्हा दोघींचा आत जायचा रोजचाच वेश. पाठमोरी. चांगली जाड झालीय कंबरेत, समोरून जाणवत नाही. उजवा पाय जरा ओढत चालते. खांदे गोल, मान पुढे, एखाद्या म्हातारीसारखी. सरळ नववीकडे गेली, दुसरीकडे बघितलंसुद्धा नाही. प्लास्टिक वर केलं, सगळंच्या सगळं, कुंडीच्या डोक्यावरून मागे टाकलं. आणि मग कडेवरून हात फिरवत राहिली. गोल, गोल. इतक्या मायेने! ज्याचा गळा दाबायचा त्याचे लाड करणारी बाई!

मग तशीच उभी, गालावर हात ठेवून. काय ते नाटक! स्वतःच केलेल्या कर्माचा शोक! बराच वेळ. शेवटी प्लास्टिक पुढे ओढलं, पुढच्या बाजूने खोचलं नीट, अगदी थोपटून. मागची, झरोक्याची बाजू? तशीच उघडी. दिवा घालवला. काळं.

चार वाजून दहा मिनिटांनी मी दंतवैद्याच्या खुर्चीत होते. त्याची पावती आहे माझ्याकडे, वेळेसकट. खाली कोण होतं हे तिनेच मला सांगितलंय: मी आहे इथे, तू जा निवांत.

कॅमेऱ्याचं काम झालं. गुंडाळून ठेवला. रविवारी ती आईंना भेटायला येते. रविवारी!


शनिवार, १५ मार्च

गालाची सूज उतरली. काय बोलायचं ते चार प्रकारे लिहून बघितलं. शेवटी ठरवलं, काही बोलायचंच नाही. नुसतं दाखवायचं.


रविवार, १६ मार्च

झालं.

जेवणं झाल्यावर लॅपटॉप आईंच्या पलंगावर ठेवला. नणंद आईंच्या पायाला तेल लावत होती. "काय गं, सिनेमा सुरू झाला वाटतं?" आई म्हणाल्या.

"हो, आई. आपल्या खोलीतलाच आहे. ताई, तुम्हीही बघा."

लावला. मी पडद्याकडे बघितलंच नाही, नणंदेकडे बघत होते. सुरुवातीला तिच्या कपाळाला आठी. मग ती गालावर हात ठेवायची वेळ आली, आणि आठी गेली. तोंड जरासं उघडलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा पडद्याकडे. पुन्हा माझ्याकडे.

पकडले गेल्याचा चेहरा असा असतो तर!

"हे कधीचं?" आईंनी विचारलं.

"गुरुवारचं. चार वाजून दहा. मी दातांच्या डॉक्टरकडे होते. आणि शुक्रवारी नववी फुटली. आधीच्या चारही अशाच."

आई म्हणाल्या, "गुरुवारी खाली पावलं वाजली होती. मी विचारलं, कोण आहे गं. कोणी ओ दिली नाही. ओ का द्यायची नाही? आपल्याच घरात?"

ती हाक माझ्यासाठी होती. सातची. मला माहीत होतं. मी दुरुस्त केलं नाही. कामाला येत होती.

"तू होतीस का ही?" आईंनी स्वतःच्या लेकीला विचारलं.

नणंदेने हाताचं तेल फडक्याला पुसलं. एक एक बोट. मग मला म्हणाली, आणि याचं काय करायचं मला कळत नाही, इतका निर्लज्जपणा मी आयुष्यात पाहिलेला नाही, ती मला म्हणाली:

"दाढ दुखतेय का अजून?"

विषय बदलायला बघते!

"तुम्ही माझी दाढ राहू द्या, ताई. आई काय विचारतायत त्याचं उत्तर द्या."

तिने दिलं नाही. आई वाट बघत राहिल्या. मग त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "किल्ली ठेव."

आपली एकुलती एक लेक! नणंदेने पदराच्या गाठीतून किल्ली काढली, टेबलावर ठेवली. चपला घालताना मान खाली होती. अगदी मला हवी होती तशी.

दारातून म्हणाली, "प्लास्टिक मागूनही खोचत जा, वहिनी." जाता जाता मला शिकवून गेली!


सोमवार, १७ मार्च

रात्री गाढ झोप लागली. चार वर्षांत पहिल्यांदा. सकाळी दोन वेळा चहा घेतला.

खाली शांत. तिचं चाक झाकून ठेवलं. तिच्या अर्धवट कपांचं काय करायचं? राहू दे. सुकून मोडतील.


मंगळवार, १८ मार्च

आई जेवल्या नाहीत. "भूक नाही" एवढंच.

त्यांना वाईट वाटणारच. मला वाईट वाटत होतं तेव्हा कोणाची भूक गेली होती?


बुधवार, १९ मार्च

विनोद सुचला होता एक, भट्टीच्या दारावरून. मोठ्याने बोलले. मग लक्षात आलं, शेजारचं चाक झाकलेलं आहे.


गुरुवार, २० मार्च

अकरावी!

कडेला, झरोक्याच्या बाजूला, अगदी तसाच तडा!

म्हणजे दुसरी किल्ली आहे तिच्याकडे. बनवून घेतली असणार. आता कळतंय, इतक्या सहज टेबलावर का ठेवली ते! मान खाली, आवाज मऊ, आणि चोळीत दुसरी किल्ली! मीच भोळी. मला वाटलं, संपलं.

नवं कुलूप आणलं, जड, पितळी. पण कुलूप नंतर. आधी पुन्हा पकडणार. या वेळी तिच्या नवऱ्यालाही दाखवणार, तिच्या पोरींनाही दाखवणार. ज्याच्या ज्याच्यासमोर ती चांगली आहे, त्या प्रत्येकासमोर.


शुक्रवार, २१ मार्च

सकाळी बोर्ड पुन्हा लावला. फोनवर चित्र आलं. कोपऱ्यातली वेळ बघितली आणि वाटलं, बिघडला.

कोपऱ्यात लिहिलं होतं: शुक्रवार, १४ मार्च, सकाळचे सहा वाजून वीस. आज एकवीस तारीख. आठवडाभर बंद होता, त्यामुळे तारीख मागे, हे एक वेळ समजलं. पण चौदा तारखेला मी प्लग ओढला तो सकाळी साडेनऊला. सहा वीसला नाही. सहाला तर मी झोपले होते.

चष्म्याला दोरा बांधलेल्या त्या दुकानदाराला फोन केला.

"सांगितलं होतं ना ताई! त्याला घड्याळ नाही. वीज गेली की तो थांबतो. आली की जिथे थांबला तिथूनच पुढे मोजतो. नेट असेल तर नेटवरून वेळ विचारून घेतो. तुमचं नेटला जोडलंय ना?"

"नाही."

"मग मध्ये वीज गेली होती का?"

गेली होती. गुरुवारी. पाऊणला गेली, चारला पाच कमी असताना आली. तीन तास दहा मिनिटं. म्हणजे चारला आला तेव्हा त्याच्या हिशेबी पाऊणच वाजला होता. म्हणजे त्याच्यानंतरचं सगळं तीन तास दहा मिनिटं मागे. म्हणजे त्याचे चार दहा म्हणजे—

पेन्सिलीने करून बघितलं. बोटांवर करून बघितलं.

सात वाजून वीस.

सात वीसला नणंद तिच्या घरी. रोज सहाला जाते, त्या दिवशीही गेली, आईंना सांगून गेली.

आणि मी सातनंतर खाली डोकावले होते. इथेच लिहिलंय, माझ्याच अक्षरात. गुरुवारचा तुकडा एकच आहे. मग माझी फेरी कुठे आहे, हे मी एकदाही का विचारलं नाही?


शनिवार, २२ मार्च

पाच वेळा बघितलं.

जाड कंबर माझी. ओढणारा पाय माझा. ती म्हातारी मान माझी. रोज मायेने प्लास्टिक उचलून हात फिरवणारी, पुढून थोपटून खोचणारी आणि मागची बाजू कधीच न बघणारी. सहाच्या सहा मीच फोडल्या. गालावरचा हात उजवा. आत कापूस होता.

दाढ दुखतेय का अजून?

तिने मला पाठीवरून ओळखलं. मला ओळखता आलं नाही. आणि तरी स्वतःच्या आईसमोर तिने किल्ली ठेवली, आणि गप्प राहिली. पुन्हा एकदा.

टेबलावरची किल्ली उचलली आहे. तिचं घर दोन गल्ल्या पलीकडे. चपला घालताना आवाज झाला असणार.

"खाली कोण आहे गं?" आई वरून विचारतायत.

अजून ओ दिलेली नाही.